दहा वर्षांच्या पोराला गोठ्यातलं कोणतं काम द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. एक ताई कोल्हापूर शहरातून कागलकडच्या सासरच्या गावी राहायला आल्या आहेत. मुलगा १० वर्षांचा, पाचवीत. घरी एक पंढरपुरी म्हैस, एक मुऱ्हा, एक संकरित गाय, महिन्याभराचं रेडकू, तीन शेळ्या आणि आठ-दहा कोंबड्या. सासरे म्हणतात, पोरानं रोज गोठ्यात राबलं पाहिजे. ताईंना लाथेची, आजारांची आणि अभ्यासाची काळजी वाटते. परवा शेणाची बुट्टी उचलताना पोरगा घसरून पडला आणि तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. कुठलं काम द्यावं, किती वेळ, आणि काय अजिबात करू देऊ नये, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे आणि तुमची भीतीही खोटी नाही. काम जरूर द्या. फक्त सुरुवात चुकली. पहिल्याच आठवड्यात पोराच्या डोक्यावर बुट्टी दिली, म्हणजे त्याला गोठ्यातलं सगळ्यात जड आणि सगळ्यात कंटाळवाणं काम दिलं. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. तीन मोठी जनावरं धरली तर अर्धा क्विंटल झालं. ते उचलणं मोठ्या माणसाचं काम. पोराचं काम वेगळं आहे, आणि माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे.

मी ३३ वर्षं करवीर, पन्हाळा आणि राधानगरी तालुक्यांत जनावरांच्या दवाखान्यांत काढली. आता निवृत्त आहे. दारात दोन म्हशी आहेत, त्या मला कामाला लावतात. इतक्या वर्षांत हजारो गोठे बघितले. ज्या गोठ्यात एखादं पोर रोज नीट बघणारं असतं, तिथं मला रात्री-अपरात्री कमी वेळा जावं लागलं.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातून रात्री साडेनऊला बोलावणं आलं होतं. म्हैस आडवी पडलेली, पोट तट्ट, दात खात होती. आदल्या दिवशी शेजारी लग्न होतं आणि उरलेला भात पाटीभर म्हशीला घातलेला. पोटात आंबून त्याचं आम्ल झालेलं. मी सलाईन लावत असताना कोपऱ्यात उभी असलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी हळूच म्हणाली, "मी सकाळीच सांगिटलो व्हतो आबास्नी. म्हस रवंथ करंना झालीया म्हून." आबांनी मान खाली घातली. सकाळी तिला "गप शाळंला जा" म्हणून हाकललेलं होतं. म्हैस वाचली, पण त्या वेतात दूध काही परत आलं नाही. सकाळी सातला कळलं असतं तर खाण्याचा सोडा पाजून आणि थोडं औषध देऊन भागलं असतं.

म्हणून तुमच्या पोराचं पहिलं काम: सकाळी उठून, तोंड धुऊन, हात मागं बांधून गोठ्यात एक फेरी मारायची आणि बघायचं. दहा मिनिटं. कशालाही हात लावायचा नाही.

काय बघायचं ते त्याला शिकवा. रात्रीची वैरण गव्हाणीत कुणी शिल्लक ठेवलीय का. कोण उभं आहे, कोण बसलंय, कोण एका पायावर भार टाळतंय. नाकपुडी ओली आहे का. धडधाकट जनावराच्या नाकावर दवासारखे थेंब असतात, ताप भरला की नाक कोरडं पडतं. शेण कसं पडलंय: थापीसारखं, पातळ, की गोळ्यागोळ्यांचं. आणि रवंथ. गाय-म्हैस दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करते. एक घास पोटातून वर आला की साधारण पन्नास वेळा चावते, गिळते, थोडं थांबते, की पुढचा घास. पोरांना हे मोजायला फार आवडतं. मोजू दे. आपली म्हैस एरवी पन्नास-पंचावन्न वेळा चावते हे ज्या पोराला पाठ आहे, त्याला ती वीसवर थांबली की लगेच खटकतं. मोठ्यांना हे दिसत नाही. त्यांचं लक्ष धारेकडं आणि डेअरीच्या वेळेकडं असतं.

गाय गरीब स्वभावाची असेल तर आजोबांनी शेजारी उभं राहून त्याला अजून एक गंमत दाखवावी. गाईच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खोलगट जागेवर, मूठ दाबून ठेवायची. दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आतून मूठ उचलली गेली पाहिजे. ते पोटाचं घुसळणं. डॉक्टरही तेच बघतो.

एक अट मात्र तुम्हा मोठ्यांसाठी आहे. पोरानं येऊन काही सांगितलं तर उठून जाऊन बघायचं. दहापैकी आठ वेळा काही नसेल. तरी जायचं. दोनदा "काय न्हाई, जा" ऐकलं की पोर तिसऱ्यांदा सांगत नाही.

आता हातानं करायची कामं. यात मी सगळ्यात वर पाणी ठेवीन. म्हशीच्या शंभर लिटर दुधात ८० लिटरहून जास्त पाणीच असतं (डेअरीला घालायच्या आधीसुद्धा!). दुभतं जनावर दिवसाला ५०-६० लिटर सहज पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तरीही कितीतरी घरांत दिवसातून दोनदा बादली दाखवतात आणि पेंडीवर हजारो रुपये घालवतात. पाणी कमी पडलं की आधी दूध आटतं, मग वैरण कमी होते. पोरानं बादल्या वाहायच्या नाहीत. त्याचं वजन २५-२८ किलो असेल, भरलेली बादली १० किलो. पाइप लावून टाकी भरायची, किंवा पाच लिटरची बादली अर्धी भरून रेडकाला आणि शेळ्यांना न्यायची. टाकीत शेवाळ दिसलं की सांगायचं. दर पंधरवड्याला टाकी रिकामी करून घासायची आणि आतून चुना लावायचा. घासायला पोर चालेल, ओला चुना मोठ्यांनी लावायचा, डोळ्यांत उडतो.

दुसरं काम धार झाल्याबरोबरचं. धार काढल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं राहतं. तेवढ्यात जनावर शेणा-मुतात बसलं की जंतू आत शिरतात आणि कासेला दगडी येते, म्हणजे कास सुजून घट्ट होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे धार संपली की पुढ्यात वैरण टाकायची. खात राहिलं की जनावर उभं राहतं. हे टाकणं पोराचं. गव्हाणीच्या बाहेरच्या बाजूनं, जनावराच्या तोंडासमोरून. मागच्या बाजूला जायची गरजच नाही. आणि का टाकायची हे त्याला सांगा. कारण कळलं की पोरगं आठवणीनं करतं.

वैरण टाकायच्या आधी ती चाळायची. जनावर घास नीट न चावता गिळतं आणि नंतर रवंथ करतं. त्यामुळे तार, खिळा, शिलाईची सुई काहीही आत जातं. ते पोटाच्या पुढच्या, जाळीदार कप्प्यात अडकतं. त्या कप्प्याच्या पुढ्यात पातळ पडद्यापलीकडे लगेच काळीज आहे. तार तिथं टोचली की जनावर हळूहळू झिजतं आणि एक दिवस मरतं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काठीला बांधून पोराला द्या. पेंडीच्या पोत्यातून, कुट्टीच्या ढिगातून फिरवायला लावा. पहिल्या दिवशी काहीतरी निघतंच. मग त्याला सांगावं लागत नाही. प्लास्टिक आणि दोऱ्या वेचायचंही तेव्हाच उरकतं.

आपल्याकडं गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, गोठ्यागोठ्यात उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, चालतं. फुकट किंवा स्वस्त मिळतं, हिरवं दिसतं, लोक खूश. पण वाड्यात ऑक्झलेट असतं आणि ते अंगातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. चार महिने नुसतं वाडं घातलं की जनावर माजावर येत नाही, गाभण राहत नाही. व्याल्यावर मग थंड पडून बसतं. यासाठी मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण लागतं. पुडा आणून फळीवर ठेवलेला असतो आणि घालायचं विसरतात, हे मी घराघरात बघितलंय. माप ठरवून हे काम पोराला द्या. एक डबी, एक रेष, रोज संध्याकाळी आंबोणात (भिजवलेल्या पेंड-भुशात). वाड्याचं पान मात्र करवतीसारखं कापतं, तेव्हा लांब बाह्यांचा सदरा घालूनच त्याला हात लावू द्या.

आता रेडकू. ताई, तुमच्या गोठ्यात पोरासाठी देवानंच ठेवलेलं जनावर आहे ते. रेडकाची सगळी जबाबदारी त्याची, असं उघड जाहीर करून टाका.

जरा कडू बोलतो. आपल्या भागात रेडकं फार मरतात, त्यातही नर. डेअरीत फॅटवर दर मिळतो, दहा दिवसांनी बिल येतं, आणि रेडकाच्या तोंडी जाणारं दूध डोळ्यांत खुपतं. एक सड सोडला असं म्हणतात आणि तोही अर्धा पिळून घेतात. गोठ्यात पोराचा जीव रेडकावर असला की हे चालत नाही. ते भांडतं. ते भांडण मला हवंय. हिशेब साधा आहे: पहिले दोन महिने रेडकाच्या वजनाचा दहावा हिस्सा दूध रोज. तीस किलोचं असेल तर तीन लिटर, सकाळ-संध्याकाळ वाटून. जन्मल्यावर तासाभरात चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, पोटात गेलाच पाहिजे. तुमचं महिन्याचं आहे, तो टप्पा गेला. पण पुढच्या वेळी घड्याळ घेऊन पोराला लांब उभं करा.

रेडकाला रोज खरारा करणं, गोचीड बघणं (कानाच्या आत, मांड्यांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी), खालचं बसायचं कोरडं आहे का बघणं, ओलं असलं तर पिंजर बदलणं, एवढं तो आरामात करेल. जन्मल्यावर पंधरा-वीस दिवसांनी कोवळा लुसलुशीत चारा तोंडापुढं धरायला सुरुवात करतात, ते तर त्याला खेळच वाटेल. महिन्यातून एकदा छातीभोवतीचा घेर टेपनं मोजून भिंतीवर लिहा. घेर वाढला नाही तर पोटात जंत आहेत किंवा दूध कमी पडतंय, असं समजा. माझ्या दाव्याच्या खांबावर अजून माझ्या मुलीच्या खडूच्या रेघा आहेत, रेडकाची उंची आणि शेजारी तिची स्वतःची.

शेळ्या संध्याकाळी, शाळेनंतर. तीन शेळ्या दहा वर्षांचं पोर सांभाळू शकतं. शेवरी, सुबाभूळ, पिंपळ, वड यांच्या डहाळ्या बांधून उंचावर टांगायच्या. शेळी मान वर करून खाणारी जात, पायदळी पडलेलं खात नाही, वाया घालवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी चरायला सोडायची तर दव वाळल्यावर. दवात गवताच्या शेंड्यावर जंतांची पिल्लं चढलेली असतात. ज्वारीचा कोवळा फुटवा, विशेषतः कापणीनंतर पाऊस पडून आलेला, त्यात विष असतं. तिकडं न्यायचं नाही हे त्याला घोकून पाठ करा. आणि घरातला शिळा भात, चपात्या, प्रसाद म्हणून आलेला शिरा शेळीला मायेनं घालणं बंद. पोरं हेच पहिलं करतात. एक मूठ चालते, पातेलं नाही. वरची म्हशीची गोष्ट त्याला सांगा.

कोंबड्यांचं सांगण्यासारखं फार नाही. संध्याकाळी मोजून खुराड्यात घालायच्या, कडी लावायची, सकाळी सोडायच्या, अंडी गोळा करायची आणि हात साबणानं धुवायचे. कडी विसरली तर मुंगूस किंवा बोका आपोआप शिकवतो.

शेणाचं सासऱ्यांना असं सांगा, की पोर खराट्यानं मोरी साफ करेल, शेण एका बाजूला ओढेल, उचलणार मात्र नाही. पायात बूट पाहिजेत. अनवाणी गोठ्यात जाऊ देऊ नका. शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि दहाव्या वर्षाची धनुर्वाताची लस राहिली असेल तर ती आधी घ्या. शेणी थापायला मात्र लावा. हात खराब होतात, पण कुठल्या पोराला ते नको असतं? आमच्या कोल्हापुरात होळीला शेणी जाळण्यापेक्षा पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान द्यायची चांगली रीत पडलीय. पोरानं थापलेल्या शेणी तिकडं गेल्या तर त्यालाही बरं वाटेल.

आता जे करू द्यायचंच नाही ते सांगतो, आणि यात आजोबांशी तडजोड नको.

दाव्याचा वेढा हाताला गुंडाळायचा नाही. कधीच नाही. माझ्या डाव्या मनगटावर वण आहे. मी अकरा वर्षांचा होतो, खिलार खोंड पाणी दाखवून आणत होतो, दावं मनगटाला दोन वेढे देऊन. मागून ट्रकनं भोंगा वाजवला. खोंडानं मला रस्त्यावरून वीस-पंचवीस पावलं ओढत नेलं. दावं मुठीत धरायचं, ओढलं तर सोडून द्यायचं. जनावर पळालं तर पळू दे, संध्याकाळी परत येतं.

कडबा कुट्टीच्या यंत्राजवळ जायचं नाही, बंद असलं तरी. लाइट जाऊन परत येते, बटण चालूच राहिलेलं असतं. या यंत्रानं तुटलेल्या बोटांचा हिशेब मी ठेवलेला नाही, पण दवाखान्यात जनावर घेऊन येणाऱ्या माणसांचे हात बघायची सवय लागली होती.

म्हशी डोहावर, विहिरीवर, शेततळ्यावर धुवायला एकट्यानं न्यायच्या नाहीत. शेततळ्याचं प्लास्टिक शेवाळलेलं असतं, पडलं तर पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही.

व्यालेल्या म्हशीजवळ पहिला आठवडाभर जायचं नाही, रेडकू कितीही लाडकं असो. तुमची पंढरपुरी गरीब असेलही, पण तिची शिंगं तलवारीसारखी खांद्याच्या मागंपर्यंत जातात. माशी बसली म्हणून तिनं नुसती मान झटकली तरी शेजारी उभ्या पोराचा डोळा जाईल. तिचा त्यात काही दोष नसतो. जनावराजवळ जायचं ते बोलत-बोलत, नाव घेऊन, खांद्याच्या बाजूनं, त्याला दिसेल असं. मागून मुकाट्यानं गेलं की लाथ बसते. गाय-म्हैस घोड्यासारखी नुसती मागं झाडत नाही, पाय पुढं आणून बाजूलाही मारते, म्हणून कासेजवळ पोरानं वाकायचं नाही. धार काढायला बारा-तेराव्या वर्षानंतर शिकवा, तीही आधी शेळीची.

गाभडलेलं (गर्भ पडलेलं) जनावर, व्याल्यावर पडलेला वार (जार), त्याची घाण याला पोरानंच काय, मोठ्यांनीही उघड्या हातानं शिवायचं नाही. ब्रुसेलोसिस नावाचा रोग त्यातून माणसाला होतो, ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने सोडत नाही. वासरा-रेडकांतल्या माद्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात त्याची एकच लस असते, ती चुकवू नका. तोंडातून लाळ गळतेय, घास गिळता येत नाही, असं जनावर दिसलं तर घशात काही अडकलंय का म्हणून हात घालायचा नाही. ते पिसाळलेलंही असू शकतं.

आता दूध. इथं आमच्या कोल्हापूरकरांना राग येईल. गंगावेशीला म्हैस समोर उभी करून पिळून दिलेलं धारोष्ण दूध पिणं हा आमचा अभिमान. मी स्वतः तालमीत जायच्या वयात ते प्यायलोय. पण ज्या माणसानं टीबीची आणि ब्रुसेलोसिसची जनावरं तपासली आहेत, तो आता सांगतो, की पोराला उकळूनच द्या. फेसाचा पेला आजोबा हातात देतील, तेव्हा तुम्ही वाईट व्हा.

वेळेचं बोलू. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी अर्धा तास, बस. पहाटे पाचला धारेच्या वेळी उठवू नका. सहाला उठून फेरी, पाणी, वैरण, रेडकू. सात वाजता अंघोळीला. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी फक्त फेरी. परीक्षेच्या आठवड्यातही फेरी सोडायची नाही, बाकीचं मोठ्यांनी उरकायचं. रविवारी मात्र शाळेची सुट्टी, जनावराची नाही, हे त्याला समजलं पाहिजे. कायद्याचंही सांगतो, कारण गावात कुणी काही भरवतं: २०१६ सालच्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला शाळेच्या वेळेबाहेर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करता येते. काम धोक्याचं नको आणि शाळा बुडायला नको. दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवणं हा वेगळा विषय, ते करू नका.

अभ्यासाची काळजी करताय, तर डेअरीचं कार्ड त्याच्या हातात द्या. सकाळी अमुक लिटर, फॅट ६.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ९.१, दर इतका. दहा दिवसांची बेरीज त्यानं करायची आणि बिलाशी ताडून बघायची. दशांश अपूर्णांक पाचवीतच येतात. म्हैस ६ फॅटच्या खाली गेली की विचारायचं, का गेली? वैरण बदलली का, की शेवटची धार रेडकाला जास्त गेली? शेवटच्या धारेतच फॅट जास्त असतो. हे कळलं की घरात रेडकावरून होणाऱ्या भांडणात तो आकडे घेऊन बसेल.

शिवाय गोठ्याच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावा. म्हैस ओरडली, तार टाकली (माजावर आल्यावर मागून पडणारा चिकट स्राव), लस टोचली, की त्यानं त्या तारखेवर खूण करायची. म्हशीचा माज मुका असतो, बरेचदा रात्री येतो, आणि एक हुकला की २१ दिवस गेले. पोराच्या खुणेवरून गाभण धरलेल्या म्हशी मला माहीत आहेत.

पैसे द्यावेत का, असं पुढं विचाराल. रोजचे देऊ नका. अंड्यांचे पैसे त्याचे, असं ठरवलं तर चालेल. आणि बेंदराला (आपल्याकडचा बैलपोळा) आणि दिवाळीच्या पाडव्याला त्याला पुढं करा. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, पाठीवर कातरून नक्षी काढलेली, गळ्यात घुंगरं, आणि मालकाच्या गाडीच्या आवाजामागं म्हैस पळत येते. ती आवाजाला येते, कारण वर्षभर कुणीतरी तिच्याशी बोललेलं असतं. तुमच्या पोराला एकदा घेऊन जा, कसबा बावड्याला किंवा सागरमाळला. परत आल्यावर खरारा करायला सांगावं लागणार नाही.

राहिला एक अवघड भाग, जो तुम्ही विचारलेला नाही. शेळ्या आहेत म्हणजे करडं होणार, आणि बोकड जत्रेला किंवा बाजाराला जाणार. पोरानं वाढवलेला बोकड तो शाळेत असताना विकून टाकायचा आणि संध्याकाळी "पळून गेला" म्हणायचं, असं करणारी घरं पुष्कळ आहेत. करू नका. त्याला सगळं कळतं, आणि मग तो दुसऱ्या कुठल्या जनावराला जीव लावत नाही. करडू जन्मलं त्याच दिवशी सांगा: पाट (मादी करडू) राहणार, बोकड जाणार, अमुक महिन्यात. रडला तर रडू दे. नाव ठेवू नको असंही सांगू नका. माझ्या बापानं तसं बजावलं होतं, मी तरी चोरून ठेवलं होतंच.

आणि रेडकू महिन्याचं झालंय म्हणालात. पहिली जंताची मात्रा दहाव्या दिवसाच्या आसपास व्हायला हवी होती. झाली नसेल तर उद्याच जवळच्या दवाखान्यात वजन सांगून औषध घ्या, पुढं सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. कॅलेंडरवरची पहिली खूण तीच करायला लावा.